वकिलीची सनद नाकारली, मग नाशिकच्या कॉर्नेलियाने स्वतःसाठी नोकरीच तयार करून घेतली

कॉलेजात असताना अनेकांना वाटत असतं की पुढे समाजासाठी काहीतरी करायचं. डिग्री हातात आली की प्रश्न पडतो, याची नोकरी कुठे मिळते? पगार कोण देणार? घरचे विचारतात त्याचं उत्तर काय द्यायचं?

हाच प्रश्न सव्वाशे वर्षांपूर्वी नाशिकमध्ये जन्मलेल्या एका मुलीसमोर होता. फरक एवढाच की तिला जे काम करायचं होतं, ते करायला कायद्यानेच बंदी होती. तिचं नाव कॉर्नेलिया सोराबजी. २०१७ मध्ये गुगलने डूडल केल्यावर हे नाव अनेकांनी पहिल्यांदा ऐकलं. पण भारतातल्या पहिल्या महिला वकील एवढ्यावर त्यांची ओळख संपत नाही.

सुरुवातीपासून बघूया.

१५ नोव्हेंबर १८६६ रोजी कॉर्नेलिया यांचा नाशिकमध्ये जन्म झाला. वडील सोराबजी खरसेटजी हे पारशी कुटुंबातले, पुढे ख्रिश्चन झालेले. आई फ्रॅन्सिना यांनी पुण्यात शाळा काढली होती. घरात बऱ्याच मुली होत्या आणि सगळ्यांनी शिकायचं हे ठरलेलंच होतं. त्यातल्या सुझी यांनी पुढे पुण्यातली सेंट हेलेनाज शाळा सुरू केली, तर अ‍ॅलिस डॉक्टर झाल्या.

घरी आईकडे बायका आपली गाऱ्हाणी घेऊन यायच्या. त्यात एक विधवा बाई होती. घरच्या कारभाऱ्याने तिची मालमत्ता फसवून स्वतःच्या नावावर करून घेतली होती. आपण कशावर सही केली हेच तिला ठाऊक नव्हतं. वकिलाकडे जाणं शक्य नव्हतं, कारण परपुरुषासमोर यायचं नाही असा घरचा रिवाज आणि वकील तर सगळे पुरुषच. ही गोष्ट लहानग्या कॉर्नेलियाच्या डोक्यात बसली ती कायमचीच.

पहिला नंबर आला, पण स्कॉलरशिप मिळाली नाही

पुण्याच्या डेक्कन कॉलेजात त्या शिकायला गेल्या तेव्हा वर्गात बाकी सगळी मुलंच होती. तरीही परीक्षेत त्या पहिल्या वर्गात आणि वरच्या क्रमांकाने पास झाल्या. मुंबई विद्यापीठाच्या पहिल्या महिला पदवीधर त्याच.

अशा निकालावर इंग्लंडला शिकायला जाण्यासाठी सरकारी स्कॉलरशिप मिळायची. पण ती कॉर्नेलिया यांना नाकारण्यात आली. कारण एकच, त्या बाई होत्या.

मग त्यांनी अहमदाबादच्या गुजरात कॉलेजात शिकवायला सुरुवात केली. म्हणजे ज्या काळात मुलींनी कॉलेजात बसणंच नवलाचं होतं, तेव्हा त्या मुलांना इंग्रजी शिकवत होत्या. इकडे इंग्लंडमधल्या काही ओळखीच्या लोकांनी त्यांच्यासाठी वर्गणी जमवली. त्यात फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांचाही हातभार होता. १८८९ मध्ये कॉर्नेलिया ऑक्सफर्डच्या सॉमरव्हिलमध्ये दाखल झाल्या.

तिथे त्यांनी कायदा निवडला. १८९२ मध्ये खास परवानगी मिळवून पुरुष विद्यार्थ्यांबरोबर बॅचलर ऑफ सिव्हिल लॉची परीक्षा दिली. ऑक्सफर्डमध्ये ही परीक्षा देणाऱ्या त्या पहिल्या महिला. त्या पासही झाल्या, पण पदवी मिळाली नाही. ऑक्सफर्ड तेव्हा बायकांना शिकू द्यायचं, परीक्षा देऊ द्यायचं, पण पदवी द्यायचं नाही.

हत्तीची केस आणि राजाचा कुत्रा

१८९३ मध्ये त्या भारतात परत आल्या. शिक्षण होतं, जिद्द होती, पण ब्रिटिश हद्दीतल्या कोर्टात बाईला वकील म्हणून उभं राहता येत नव्हतं. त्यांनी मुंबई विद्यापीठाची एलएलबी केली, अलाहाबाद हायकोर्टाची वकिलीची परीक्षाही दिली. तरी सनद काही मिळाली नाही.

काही संस्थानांमध्ये मात्र त्यांना बाजू मांडता यायची. तिथला एक किस्सा त्यांनीच आठवणींत लिहून ठेवलाय. त्यांचं अशील होता एक हत्ती. त्याच्या खाण्यापिण्यासाठी लावून दिलेला हक्क राजाने काढून घेतला होता आणि न्याय करायला बसलेला माणूस म्हणजे तोच राजा. कॉर्नेलिया तयारी करून गेल्या, पण राजाने निकाल लगेच त्यांच्या बाजूने देऊन टाकला. का? तर राजाच्या कुत्र्याला त्या आवडल्या होत्या म्हणून!

ऐकायला गंमत वाटते. पण ऑक्सफर्डला शिकून आलेल्या माणसाच्या नशिबी अशी कोर्टं आली होती.

नसलेली नोकरी

आता इथे मुख्य मुद्दा येतो. आपल्याला वकील होऊ देत नाहीत, पण आपली गरज कुणाला आहे हे कॉर्नेलिया यांना पक्कं माहीत होतं. पडद्यात राहणाऱ्या जमीनदार घरांतल्या बायका. नवरा गेला की इस्टेट त्यांच्या किंवा त्यांच्या लहान मुलांच्या नावावर यायची. पण कारभार दिवाणजी, भाऊबंद आणि मुनीम यांच्या हातात. कागद पडद्याआडून यायचा, सही होऊन परत जायचा. त्यात काय लिहिलंय हे सांगणारं कुणी नव्हतं.

सरकारचं एक खातं होतं, कोर्ट ऑफ वॉर्ड्स. नावात कोर्ट असलं तरी हे न्यायालय नव्हे. वारस अल्पवयीन असेल किंवा कारभार बघू शकत नसेल, तर त्या इस्टेटीची व्यवस्था हे खातं बघायचं. पण खात्याचे अधिकारी पुरुष, त्यामुळे पडद्यामागे काय चाललंय हे त्यांनाही कळायचं नाही.

कॉर्नेलिया यांनी नेमकं यावर बोट ठेवलं. या बायकांसाठी सरकारने कायदा शिकलेली बाई नेमावी, असा अर्ज घेऊन त्या थेट लंडनपर्यंत गेल्या, वर्तमानपत्रातून मुद्दा मांडला. शेवटी १९०४ मध्ये बंगालच्या कोर्ट ऑफ वॉर्ड्समध्ये त्यांची नेमणूक झाली. पद होतं लेडी असिस्टंट. पुढे बंगालबरोबरच बिहार, ओरिसा आणि आसामचं कामही त्यांच्याकडे आलं.

पालखी, होडी, हत्ती, मिळेल त्या वाहनाने त्या वाड्यावाड्यांवर जायच्या. कागद वाचून समजावायच्या, भाऊबंदकीचे तंटे सोडवायच्या, पोरक्या वारसांच्या जिवाची आणि शिक्षणाची काळजी घ्यायच्या. सुमारे वीस वर्षांत ६०० हून जास्त बायका आणि मुलांना त्यांनी मदत केली, असं सांगितलं जातं.

दार उघडलं, तेव्हा

१९२१ मध्ये अलाहाबाद हायकोर्टाने त्यांना वकील म्हणून नोंदवून घेतलं. १९२२ मध्ये ऑक्सफर्डची पदवी मिळाली, परीक्षा दिल्यावर ३० वर्षांनी. १९२३ च्या कायद्याने देशभरातल्या बायकांना वकिली खुली झाली. कॉर्नेलिया कलकत्त्यात प्रॅक्टिस करू लागल्या, पण तेव्हा त्यांचं वय साठीकडे झुकलं होतं. पुरुष वकील आणि न्यायाधीशांचा पूर्वग्रह कायम होता. उभं राहून युक्तिवाद करण्यापेक्षा लेखी सल्ला देण्याचंच काम जास्त वाट्याला आलं.

त्यांची दुसरी बाजूही सांगायला हवी. ज्या सरकारच्या नोकरीत हयात गेली, त्या ब्रिटिश राजवटीवर त्यांचा विश्वास होता. स्वातंत्र्य चळवळीला आणि गांधीजींच्या राजकारणाला त्यांचा विरोध होता. शिक्षण आणि सुधारणा आधी, राजकीय हक्क नंतर, असं त्यांचं मत होतं. १९२७ मध्ये कॅथरीन मेयो यांच्या मदर इंडिया या पुस्तकावरून देशभर संताप उसळला, तेव्हा कॉर्नेलिया मेयो यांच्या बाजूने राहिल्या. त्यामुळे सामाजिक कामातली अनेक माणसं त्यांच्यापासून दुरावली. १९२९ मध्ये त्या लंडनला गेल्या आणि ६ जुलै १९५४ रोजी तिथेच वारल्या.

स्वातंत्र्यानंतर आपल्याकडे त्यांचं नाव मागे का पडलं, याचं एक कारण यात सापडतं. त्यांच्या राजकारणाशी आपलं जमणार नाही, आणि जमवून घ्यायची गरजही नाही. पण आज लॉ कॉलेजमधून बाहेर पडून कुणी मोफत कायदे सल्ला केंद्रात काम करतं, कुणी महिलांच्या जमिनीच्या हक्कांवर काम करतं, कुणी संस्थेत पगारावर हेच करतं. या कामाला नोकरी म्हणून जागा हवी, त्याला पद हवं आणि पगारही हवा, ही मागणी कॉर्नेलिया यांनी तेव्हा केली होती आणि दोन वर्षं पाठपुरावा करून मिळवलीही होती.

लहानपणी घरी आलेल्या त्या विधवेचा कागद वाचायला कुणी नव्हतं. पुढे अनेक घरांत तो वाचायला कॉर्नेलिया गेल्या.