मणक्यातले पाणी मोजणारे डॉक्टर : हाइनरिश क्विंके

सतत डोके दुखते, वाकल्यावर डोळ्यांपुढे क्षणभर अंधारी येते. एमआरआयमध्ये गाठ नाही, पण डोळ्यांच्या नसांना सूज आहे. अशा वेळी मणक्यातून पाणी काढून दाब मोजायचा म्हटले की घरचे घाबरतात. रक्त तपासून भागणार नाही का, असे विचारतात. सध्या तरी भागत नाही. ही तपासणी रूढ केली ती जर्मन डॉक्टर हाइनरिश क्विंके यांनी.

क्विंके यांचा जन्म १८४२ चा. वडील डॉक्टर, भाऊ भौतिकशास्त्रज्ञ. तरुणपणीच त्यांनी कुत्र्यांच्या मेंदू-मणक्याभोवतीच्या पाण्यात लाल हिंगुळाची पूड सोडून ती कुठवर पसरते ते पाहिले. डोक्यातले आणि मणक्यातले पाणी एकमेकांशी जोडलेले आहे, हे त्यातून दिसले. म्हणजे डोक्यातला दाब कंबरेत मोजता येईल! मात्र तिथवर पोचायला सुमारे वीस वर्षे गेली.

बर्नमध्ये काही वर्षे प्राध्यापक राहून १८७८ मध्ये ते कीलला आले. ओठ-पापण्यांवर अचानक येणाऱ्या सुजेला त्यांचेच नाव आहे. १८९१ मध्ये त्यांनी कंबरेच्या मणक्यांमधून बारीक सुई घालून पाणी काढल्याचे सांगितले. आधी हेतू होता डोक्यात पाणी साठलेल्या मुलांचा दाब कमी करण्याचा. पण ते नुसते पाणी काढून थांबले नाहीत, दाबही मोजू लागले. मोठ्या माणसांत पाठीचा मज्जारज्जू त्या जागेच्या वरच संपतो, म्हणून या सुईने पाय लुळे पडतील ही भीती बहुतेक वेळा अनाठायी असते. नंतर काही दिवस डोके दुखू शकते, हे खरे.

पुढे गाठ नसतानाही दाब वाढलेले रुग्ण क्विंके यांनी नोंदवले. त्यांतले काही आजच्या भाषेत याच आजाराचे असावेत. १९२२ मध्ये ते वारले.

रक्तातली किंवा त्या पाण्यातली खूण शोधण्याचे काम चालू आहे. इंग्लंडमधील संशोधकांना अशा स्त्रियांमध्ये टेस्टोस्टेरॉन जास्त आढळले, पण त्यावरून निदान करता येत नाही. मोठ्यांमध्ये दाब २५ सेंटिमीटरच्या वर भरला, तर औषधे आणि वजन कमी करणे लगेच सुरू करावे लागते, कारण नसांची सूज टिकली तर गेलेली नजर परत येईलच असे नाही.