अक्षरे जुळविणारी विदुषी : मार्गारेट डेहॉफ

पोथ्यांमधील पाठभेद ताडून मूळ पाठ शोधतात, हे आम्ही मराठीच्या तासाला शिकलो. विषाणूंचेही तसेच करतात, हे मला मार्गारेट डेहॉफ यांच्या चरित्रामुळे उमगले.

त्यांचा जन्म ११ मार्च १९२५ रोजी अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे झाला. पंचकार्डांच्या यंत्रांवर रेणूंची गणिते सोडवून १९४८ साली त्यांनी कोलंबिया विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. पुढे मुलींच्या संगोपनासाठी संशोधन काही वर्षे थांबले, पण सुटले नाही. १९६५ साली सहकाऱ्यांसह त्यांनी ६५ प्रथिनांच्या रचना एका ग्रंथात प्रसिद्ध केल्या. संगणकात जागा कमी लागावी म्हणून प्रत्येक अमिनो आम्लाला एकेक अक्षर दिले. त्या अक्षरांतील फरक संगणकाकडून मोजून घेऊन प्रथिनांची वंशावळ मांडली.

५ फेब्रुवारी १९८३ रोजी, वयाच्या ५७व्या वर्षी, त्या हृदयविकाराने निवर्तल्या. फ्लूचा विषाणू सतत पालटतो. त्याच्या नमुन्यांतील अक्षरे ताडून आज असेच वंशवृक्ष काढतात आणि लसीत कोणता विषाणू घ्यावा हे ठरविताना त्यांचा आधार घेतात.

बाळासाठी माझ्या ताईचे शिक्षण दोन वर्षे थांबले आहे. सर्वजण ते संपलेच असे धरून चालतात. या सुट्टीत डेहॉफबाईंची हकीकत मी घरात सर्वांदेखत सांगणार आहे.