काट्याभोवती जमलेली गर्दी

फायनल इयरच्या प्रोजेक्टला माझ्या वाट्याला गोठवलेल्या पांढऱ्या पेशी आल्या. उणे १९६ अंशांच्या द्रव नायट्रोजनमधून कुपी काढायची, ३७ अंशांच्या पाण्यात झटपट वितळवायची आणि मग कोमट मीडियम थेंबथेंब सोडायचं. मी घाईत सगळं एकदम ओतलं. गोठताना पेशी वाचवणारं डीएमएसओ असं एकदम पातळ झालं की पाणी आत घुसतं, पेशी फुगून फुटतात. ट्रिपॅन ब्ल्यू घातलं तर निम्म्याहून जास्त निळ्या, म्हणजे मेलेल्या. पेशंटचं ते रक्त पुन्हा मिळणार नव्हतं. त्या रात्री मेसही चुकली. रूमवर इल्या मेचनिकॉफचं चरित्र वाचत बसलो.

१८४५ साली खारकीव्हजवळ जन्मलेला हा माणूस भलताच हळवा. पहिली बायको ल्युडमिला १८७३ मध्ये क्षयानं गेली, तेव्हा यानं जीव द्यायचा प्रयत्न केला, वाचला. पुढे दुसरी बायको ओल्गा विषमज्वरानं अंथरुणाला खिळली. १८८१ मध्ये यानं उलटून येणाऱ्या तापाच्या रोग्याचं रक्त स्वतःला टोचून घेतलं. तरी जगला!

१८८२ साली ओडेसाची प्राध्यापकी सोडून तो सिसिलीतल्या मेसिनाला गेला. एकदा घरचे सर्कशीतली माकडं बघायला गेलेले, हा एकटा मायक्रोस्कोपपाशी. तारामाशाच्या पारदर्शक अळीत त्यानं बागेतल्या गुलाबाचा काटा खुपसला. रात्रभर झोप नाही (व्हायवाच्या आदल्या रात्री आपल्याला येत नाही तशी). सकाळी बघतो तर काट्याला फिरत्या पेशींचा घेराव! पेशी जंतूंना गिळून शरीर राखतात, हे त्यानं मांडलं. संरक्षण रक्ताच्या पातळ भागात असतं म्हणणाऱ्या जर्मन मंडळींशी वर्षानुवर्षं वाजलं. शेवटी १९०८ चं नोबेल त्याला आणि समोरच्या पार्टीतल्या एर्लिखला विभागून!

१८८८ पासून तो पॅरिसच्या पाश्चर इन्स्टिट्यूटमध्ये. परळच्या संस्थेला ज्याचं नाव आहे तो हाफकिन त्याचाच ओडेसातला विद्यार्थी. उतारवयात त्याला दह्याचं वेड लागलं. १९१६ मध्ये गेला.

दुसऱ्या कुपीला मी थेंब मोजून सोडले. बहुतेक पेशी जिवंत. मी खूश. पण मॅडमनी विचारलं, त्या खातात का? यीस्टचे कण घालून पाहिलं. थोड्यांनी गिळले, बाकीच्या नुसत्या बसून. आता पुढची कुपी वितळवून रात्रभर इन्क्युबेटरमध्ये विसावा द्यायचा, मग यीस्ट.