साथीचे गणित मांडणारे मॅकेंड्रिक

१८९६ साली मुंबईच्या मांडवी भागात प्लेग शिरला आणि पाहता पाहता त्याने दूरदूरचा मुलूख व्यापला. घरे ओस पडली, लोक गावाबाहेर झोपड्या घालून राहू लागले. पुण्यात रोग्यांची शुश्रूषा करता करता सावित्रीबाई फुले यांनी १० मार्च १८९७ रोजी देह ठेवला. पुढे कित्येक वर्षे मुंबईत हा रोग हिवाळ्यात डोके वर काढी, वसंतात कळसाला पोचे आणि पावसाळा लागता लागता ओसरे. दर आठवड्याला किती माणसे दगावली याची नोंद सरकारी दप्तरात होत असे. त्या आकड्यांकडे पाहून हळहळणारे पुष्कळ होते. शहरात निरोगी माणसे लाखांनी शिल्लक असताना साथ मध्येच विझते ती का, हे त्या आकड्यांनाच विचारणारा डॉक्टर मात्र वीस वर्षांनी निघाला. त्यांचे नाव अँडरसन ग्रे मॅकेंड्रिक.

मॅकेंड्रिक यांचा जन्म ८ सप्टेंबर १८७६ रोजी स्कॉटलंडमधील एडिंबरो येथे झाला. त्यांचे वडील ग्लासगो विद्यापीठात शरीरविज्ञानाचे प्राध्यापक होते. त्याच विद्यापीठातून वैद्यकाची पदवी घेऊन मॅकेंड्रिक हिंदुस्थानच्या वैद्यकीय सेवेत दाखल झाले. मलेरियाचा परजीवी १८९७ साली सिकंदराबाद येथे डासाच्या शरीरात शोधून काढणाऱ्या रोनाल्ड रॉस यांच्याबरोबर १९०१ मध्ये आफ्रिकेतील सिएरा लिओनला जाण्याची संधी त्यांना लाभली. रॉस यांना वैद्यकाइतकेच गणिताचे वेड होते. रोगराईचा अभ्यास गणिताने करता येईल, ही त्यांची श्रद्धा तरुण मॅकेंड्रिकांच्या मनात खोल रुजली. मॅकेंड्रिक काही गणिताचे पदवीधर नव्हते. नोकरीचे काम सांभाळून उच्च गणित त्यांनी आपल्याच हिमतीने आत्मसात केले.

हिमालयाच्या कुशीत कसौली येथे पाश्चर संस्था होती. पिसाळलेले कुत्रे चावलेली माणसे दूरदूरच्या प्रांतांतून तेथे लस टोचून घेण्यासाठी येत. या संस्थेत मॅकेंड्रिक यांनी दीर्घकाळ काम केले आणि १९१४ पासून ते तिचे संचालक झाले. दिवसा रोगी आणि प्रयोगशाळा, मग कागद आणि समीकरणे, असा त्यांचा क्रम होता. रक्तातील पांढऱ्या पेशी शरीरात शिरलेल्या जंतूंना गिळतात, हे तेव्हा ज्ञात झाले होते. सूक्ष्मदर्शकाखाली पाहिले असता कोणा पेशीच्या पोटात एकही जंतू नसे, कोणात दोन, कोणात पाच. या विखुरलेल्या संख्यांमागे कोणता नियम आहे, याचा विचार त्यांनी केला. केशव पै या भारतीय सहकाऱ्यासह १९११ मध्ये त्यांनी जंतूंच्या वाढीचेही गणित मांडले. जंतू प्रारंभी भराभर वाढतात आणि अन्न सरू लागले की त्यांची वाढ मंदावते, हे त्या गणितात उतरले.

त्यांच्या गणिताची खरी कसोटी एका खेड्यातील पटकीच्या साथीत दिसते. त्या खेड्यात २२३ घरे होती. १६८ घरांत एकही रोगी नव्हता. ३२ घरांत एकेक, १६ घरांत दोन-दोन, ६ घरांत तीन-तीन आणि एका घरात चार रोगी निघाले. वरवर पाहता यात काही विशेष वाटत नाही. परंतु रोगाचा धोका सर्व घरांना सारखाच असता, तर एकेक रोगी असलेली घरे सुमारे ५८ भरायला हवी होती आणि दोन-तीन रोग्यांची घरे थोडी असायला हवी होती. प्रत्यक्षात तसे नव्हते. मॅकेंड्रिक यांनी हिशेब केला, तो असा निघाला की धोका केवळ ९३ घरांनाच असावा. म्हणजे गावात विहिरी अनेक असाव्यात, त्यांपैकी एकच दूषित झाली असावी आणि ही ९३ घरे तिचे पाणी पीत असावीत. पुढे गावात चौकशी केली तेव्हा तसेच आढळून आले. घरोघरच्या रोग्यांच्या मोजणीवरून दूषित विहिरीचा माग काढणे ही लहानसहान गोष्ट नव्हे.

आजारपणामुळे १९२० साली त्यांना हिंदुस्थान सोडावा लागला. एडिंबरोच्या राजवैद्यक महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेचे ते प्रमुख झाले. तेथे विल्यम कर्मॅक नावाचे तरुण रसायनशास्त्रज्ञ त्यांचे सहकारी होते. १९२४ मध्ये प्रयोग करताना स्फोट होऊन दाहक द्रव कर्मॅक यांच्या डोळ्यांत उडाला आणि वयाच्या सव्विसाव्या वर्षी त्यांची दृष्टी कायमची गेली. पण त्यांचे काम थांबले नाही. मोठमोठी समीकरणे ते मनातल्या मनात सोडवीत. या दोघांनी मिळून १९२७ साली साथीचा सिद्धांत प्रसिद्ध केला.

तो समजण्यासाठी परभणी जिल्ह्यातील ताडकळससारखे एखादे गाव डोळ्यांपुढे आणावे. समजा, तेथे नवीन रोग आला आणि प्रत्येक रोगी बरा होण्यापूर्वी दोघांना रोग देतो. एकाचे दोन, दोनांचे चार, चारांचे आठ होतील. परंतु जो बरा झाला त्याच्या अंगी त्या रोगाविरुद्ध प्रतिकारशक्ती येते. निम्मे गाव असे होऊन गेले, की रोग्याला भेटणाऱ्या त्या दोघांपैकी सरासरी एक आधीच सुरक्षित असतो. तेथून पुढे एका रोग्यामागे एकही नवा रोगी पुरता निघत नाही आणि साथ उतरणीला लागते. वणवा विझण्यासाठी सगळे रान जळावे लागत नाही, झाडे विरळ झाली तरी पुरते.

या सिद्धांताची पडताळणी करण्यासाठी त्यांनी मुंबईचे आकडे घेतले. १७ डिसेंबर १९०५ ते २१ जुलै १९०६ या काळातील दर आठवड्याचे मृत्यू त्यांनी कागदावर मांडले. ऐन भरात आठवड्याला सुमारे नऊशे माणसे मरत होती. सूत्रावरून काढलेली घंटेच्या आकाराची रेषा त्या बिंदूंतून जवळजवळ अचूक गेली. प्लेग हा मुळात उंदरांचा रोग असून पिसवांमार्फत तो माणसाला होतो, त्यामुळे आपले सूत्र स्थूल मानाचे आहे, हेही त्यांनी नमूद केले. नंतरच्या अभ्यासकांनी याच ठिकाणी त्यांच्यावर टीका केली आणि ती रास्त होती. सिद्धांत मात्र टिकला.

मॅकेंड्रिक १९४१ मध्ये निवृत्त झाले आणि ३० मे १९४३ रोजी निधन पावले. गावासाठी मांडलेले हे गणित पुढे फुप्फुसाच्या आतही जाऊन पोचले. इन्फ्लूएंझाचा विषाणू श्वासमार्गात शिरला म्हणजे तेथील निरोगी पेशी गावातल्या निरोगी माणसांच्या जागी धराव्यात आणि विषाणूने ग्रासलेल्या पेशी रोग्यांच्या जागी. विषाणू काही दिवस भराभर वाढतो, पण निरोगी पेशी उणावतात, शरीराची प्रतिकारशक्ती जागी होते आणि त्याची संख्या उतरू लागते. हा चढउतार शास्त्रज्ञ तशाच समीकरणांनी मांडतात. २०२० साली कोरोनाची साथ आली, तेव्हा मुंबईपासून खेड्यापाड्यांपर्यंत रोगी किती वाढतील आणि खाटा किती लागतील, याचे अंदाज बांधतानाही १९२७ सालच्या त्या सिद्धांताचा आधार घेतला गेला.