जेपींच्या किडन्या कशामुळे गेल्या?

२२ मार्च १९७९. पंतप्रधान मोरारजी देसाईंनी लोकसभेत जयप्रकाश नारायण गेल्याचं जाहीर केलं. सभागृहाने श्रद्धांजली वाहिली, आकाशवाणीवर बातमी गेली. जेपी मात्र मुंबईत पेडर रोडवरच्या जसलोक हॉस्पिटलमध्ये जिवंत होते. सरकारला चूक कबूल करावी लागली.

त्या हॉस्पिटलशी जेपींचं नातं आणीबाणीत जुळलं होतं. महाराष्ट्राशी त्याहून जुनं. ११ ऑक्टोबर १९०२ रोजी बिहारमधल्या सिताबदियारा गावी जन्मलेले जेपी १९२२ ते १९२९ अमेरिकेत शिकले, मार्क्सवादी होऊन परतले आणि सविनय कायदेभंगात पकडले गेल्यावर नाशिकच्या तुरुंगात आले. तिथे अच्युत पटवर्धन, मिनू मसानी, अशोक मेहता यांच्यासोबत झालेल्या चर्चांतून १९३४ चा काँग्रेस समाजवादी पक्ष उभा राहिला. १९४२ च्या दिवाळीच्या रात्री त्यांनी हजारीबाग तुरुंगाची भिंत ओलांडली. पुन्हा पकडले गेले तेव्हा लाहोरच्या किल्ल्यात त्यांचा छळ झाला. स्वातंत्र्यानंतर सत्तेकडे पाठ फिरवून ते विनोबांच्या भूदानात गेले. १९७४ मध्ये बिहारच्या विद्यार्थ्यांनी त्यांना परत राजकारणात ओढलं तेव्हा वय सत्तरीपार होतं, मधुमेह होता आणि पत्नी प्रभावती आदल्याच वर्षी गेल्या होत्या.

२६ जून १९७५ च्या पहाटे दिल्लीत त्यांना अटक झाली. १ जुलैपासून त्यांना चंडीगडच्या पीजीआय या सरकारी रुग्णालयात एकटं ठेवलं गेलं. सप्टेंबरअखेर पोटात दुखू लागलं, पायांवर सूज आली. नोव्हेंबरमध्ये सुटका झाली आणि ते जसलोकला आले. (दोनच वर्षांपूर्वी या हॉस्पिटलचं उद्घाटन इंदिरा गांधींच्या हस्ते झालं होतं.) इथे निदान झालं : दोन्ही किडन्या निकामी. यापुढे डायलिसिसवर जगायचं.

मग प्रश्न उठला तो अजून मिटलेला नाही. अटकेपूर्वी देशभर सभा घेणाऱ्या माणसाच्या किडन्या साडेचार महिन्यांत कशा गेल्या? कोठडीत काही केलं गेलं का, दुर्लक्ष झालं का, की मधुमेह आधीपासून आतून पोखरत होता? खुद्द जेपींच्याही मनात संशय होता. पुढे जनता सरकारने चौकशीही नेमली.

वैद्यकीयदृष्ट्या अशा प्रश्नाचं सर्वांत थेट उत्तर किडनीची बायोप्सी देते. सुईने काढलेला धाग्याएवढा तुकडा सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला की मधुमेहाने वर्षानुवर्षं केलेलं नुकसान आणि औषधाने किंवा विषाने झालेला अलीकडचा घाव बहुधा वेगळे ओळखू येतात. पण वेळ महत्त्वाची. किडनी आकसून तिचा व्रण झाला की तुकड्यात व्रणच दिसतो, कारण नाही. शिवाय अशा किडनीतून रक्तस्रावाचा धोका वाढतो. त्यामुळे डायलिसिस कायमचं झाल्यावर डॉक्टर सहसा बायोप्सीच्या वाटेला जात नाहीत. ती करायची तर किडनीत वाचवण्यासारखं काही शिल्लक असताना.

आणि १९७५ मध्ये ती आजच्याइतकी निर्धोकही नव्हती. १९५१ मध्ये कोपनहेगनच्या इव्हर्सन आणि ब्रून यांनी सुईने किडनी बायोप्सी करण्याची पद्धत प्रसिद्ध केली. त्यानंतर कितीतरी वर्षं ती जवळजवळ अंदाजानेच होत असे. एक्स-रेवरून जागा ठरवायची, बारीक सुई आत घालायची, आणि श्वासाबरोबर ती झुलू लागली की किडनी सापडली असं समजायचं. आता सोनोग्राफीच्या पडद्यावर सुईचं टोक किडनीच्या खालच्या भागात शिरताना दिसतं. रुग्ण पालथा झोपतो, जागा बधिर करतात, क्षणभर श्वास रोखायला सांगतात, स्प्रिंगची सुई तुकडा घेऊन बाहेर येते. निदानापुरता तुकडा बहुतेकदा पहिल्याच खेपेस मिळतो.

धोका उरतोच. लघवीतून डोळ्यांना दिसेल इतकं रक्त शंभरातल्या तीन-चार जणांना जातं आणि बहुधा आपोआप थांबतं. रक्त चढवावं लागणारे शंभरात एक-दोन. मृत्यू दहा हजारांत काही मोजकेच. म्हणून रक्तदाब आटोक्यात आणतात, रक्त पातळ करणारी गोळी डॉक्टरांच्या सल्ल्याने थांबवतात आणि नंतर काही तास उताणं झोपवून ठेवतात. ‘बायोप्सीने किडनी खराब होते’ या भीतीपोटी ती लांबवणारे रुग्ण मात्र कारण कळण्याची संधीच घालवतात.

जेपींसमोर उरलं ते डायलिसिस. यंत्र महाग, तेव्हा देशात मोजक्याच ठिकाणी असलेलं. त्यांच्यासाठी लोकांनी एकेक रुपया जमवला. इंदिरा गांधींनी पाठवलेली मदत जेपींनी परत केली. डायलिसिसच्या दोन खेपांमधल्या दिवसांत त्यांनी विरोधी पक्षांना एकत्र बसवलं, १९७७ च्या निवडणुकीत प्रचार केला आणि मार्चमध्ये राजघाटावर जनता पक्षाच्या खासदारांना शपथ दिली. त्याच वर्षी ते उपचारांसाठी अमेरिकेत सिएटलला गेले. दीर्घकाळ डायलिसिस शक्य करणारी नळी १९६० मध्ये स्क्रिब्नर यांनी याच शहरात तयार केली होती.

दोन वर्षांत जनता सरकार भांडणातून कोसळलं. जेपी तेव्हा अंथरुणाला खिळले होते. ८ ऑक्टोबर १९७९ रोजी, सत्त्याहत्तराव्या वाढदिवसाला तीन दिवस उरले असताना, पाटण्यात त्यांचं निधन झालं.