डॉ. हसमुख सांकलिया

नाशिकक्षेत्री गोदावरीच्या तीरावर पंचवटी वसली आहे. श्रीरामचंद्रांच्या वनवासाची कथा आपण या स्थळाशी जोडतो. परंतु कोणत्याही ग्रंथात ज्याची नोंद नाही असा इतिहासही या नदीने आपल्या गाळात जपून ठेवला आहे. तो वाचण्याची विद्या ज्यांनी महाराष्ट्रात रुजविली, ते थोर पुरातत्त्वज्ञ म्हणजे डॉ. हसमुख धीरजलाल सांकलिया होत.

त्यांचा जन्म १० डिसेंबर १९०८ रोजी मुंबईस झाला. लोकमान्य टिळकांचा आर्यांच्या मूलस्थानाविषयीचा ग्रंथ लहानपणीच त्यांच्या वाचनात आला आणि प्राचीन काळाचा शोध घेण्याचा त्यांनी निश्चय केला. विलायतेस जाऊन ते उत्खननाचे शास्त्र शिकले व १९३९ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात अध्यापक झाले.

त्या वेळी सातवाहनांपूर्वीचा महाराष्ट्र जवळजवळ अज्ञातच होता. १९५०-५१ साली सांकलियांनी पंचवटीच्या पैलतीरावरील जुनी मातीची गढी आणि संगमनेरजवळील जोर्वे ही स्थळे खणविली. जोर्वे येथे ताम्रपाषाणयुगातील वस्ती उजेडात आली. नाशिकजवळच्या गंगापूर येथे तर गोदेच्या दगडगोट्यांत अश्मयुगीन मानवाची हत्यारे मिळाली.

सोनेनाणे हे त्यांचे धन नव्हते. फुटकी खापरे, जळके धान्य, जनावरांची हाडे, सारे ते जपून ठेवीत. कोणती वस्तू कोणत्या थरात सापडली याची नोंद करीत. गुजरातेतील लांघणज येथे १९४४ साली डॉ. इरावती कर्वे त्यांच्यासह होत्या. तेथे मानवी सांगाडे मिळाले. गेंड्याचे हाडही मिळाले. आज त्या प्रदेशात गेंडा औषधालाही सापडत नाही!

१९७४ साली त्यांना पद्मभूषण हा किताब मिळाला. २८ जानेवारी १९८९ रोजी ते निवर्तले.

पुढे जुन्या हाडांना जणू वाचाच फुटली. प्राण्याच्या पेशींत डीएनए नावाचे द्रव्य असते. त्यात त्याच्या कुळाची ओळख दडलेली असते. जर्मनीत सापडलेल्या नामशेष हत्तींच्या हाडांतून शास्त्रज्ञांनी ते मिळविले आणि २०१७ साली त्या हत्तींचे आफ्रिकेतील रानहत्तींशी असलेले नाते दाखविले. त्यांच्याच भाऊबंदांपैकी एका हत्तीचे अवशेष नाशिक जिल्ह्यातील नांदूर-मध्यमेश्वर येथे विसाव्या शतकाच्या आरंभी मिळाले होते.

मात्र आपल्या उष्ण हवेत हे द्रव्य लवकर नष्ट होते. हरियाणातील राखीगढी येथे डेक्कन कॉलेजच्या पुढील पिढीने उत्खनन केले. तेथील साठाहून अधिक नमुने तपासले, तेव्हा एकाच स्त्रीच्या सांगाड्यातून ते पुरेसे हाती आले. ते संशोधन २०१९ साली प्रसिद्ध झाले.

कोणते हाड उद्या बोलेल, हे आज सांगता येत नाही. म्हणून क्षुद्र दिसणारी वस्तूही जपण्याचा सांकलियांचा धडा मोलाचा आहे.