रमाबाईंनी न केलेली सही

पंडिता रमाबाई धर्मभ्रष्ट होत्या काय, हा खटला त्यांच्या हयातीत एकदा नव्हे, दोनदा चालला. पहिल्या खटल्यातले फिर्यादी पुण्याचे सनातनी. तो आपल्याला ठाऊक आहे, आणि आमच्यासारख्या घरांतून तो रमाबाईंच्या मृत्यूनंतरही तोंडी चालूच होता. माझी आजी त्यांचे नाव घेताना आवाज खाली आणी. त्यांच्या विद्वत्तेबद्दलचा आदर आणि त्यांनी ‘जे केले’ त्याबद्दलचा राग, दोन्ही त्या खालच्या आवाजात असे.

दुसरा खटला आपल्याकडे फारसा कुणाला ठाऊक नाही. तो १८८५ साली इंग्लंडात चालला, पत्रांतून. फिर्यादी होत्या अँग्लिकन पंथाच्या मठातल्या भगिनी, आणि आरोप नेमका उलटा होता. बाप्तिस्मा घेऊन पुरती दोन वर्षे झाली नाहीत तोच ही बाई ख्रिस्ती धर्माच्या मूळ सिद्धांतांपासून ढळते आहे, असा. ज्या धर्मासाठी एका समाजाने त्यांना दूर लोटले, त्याच धर्माच्या उंबरठ्यावर त्या पुन्हा संशयित ठरत होत्या.

मी आयुष्याची उमेदीची वर्षे बँकेत काढली, म्हणून मला हा दुसरा खटला अधिक जवळचा वाटतो. बँकेत सही करणारी माणसे दोन प्रकारची. आपण बोट ठेवू तिथे सही करणारी पुष्कळ. क्वचित एखादा मात्र खिशातून चष्मा काढतो, कलमन् कलम वाचतो आणि एका ओळीवर थांबून म्हणतो, हे मला मान्य नाही. मागे रांग खोळंबलेली असते. आम्हांला त्या माणसाचा राग येई. हा बहुधा कर्ज बुडवणारा, अशी शंकाही येई. वसुलीच्या दिवसांत ही शंका किती चुकीची होती ते कळायचे.

रमाबाई त्या दुसऱ्या जातीच्या. त्याचे मूळ त्यांच्या बालपणात आहे. २३ एप्रिल १८५८ रोजी सह्याद्रीतल्या गंगामूळच्या अरण्यात त्यांचा जन्म झाला. वडील अनंतशास्त्री डोंगरे यांनी आपल्या बायकोला, लक्ष्मीबाईंना, संस्कृत शिकवले आणि त्यापायी स्वजातीयांचा रोष ओढवून घेतला. पुढे हे कुटुंब पुराणे सांगत तीर्थोतीर्थी हिंडले. भागवताचे हजारो श्लोक मुलीला मुखोद्गत झाले. मग १८७४ पासूनचा दुष्काळ आला. उपवास, दानधर्म, देवदर्शने सगळे यथासांग झाले आणि तरीही वडील, आई, थोरली बहीण एकामागून एक गेली. उरलेली दोघे भावंडे, श्रीनिवास आणि रमा, पायी चालत १८७८ साली कलकत्त्याला पोचली. तिथल्या पंडितांनी तिला ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. स्त्रियांपुढे व्याख्याने देण्यासाठी तिने धर्मशास्त्रे मुळातून वाचायला घेतली आणि स्त्री व शूद्र यांच्या मोक्षाबद्दल त्यांत काय म्हटले आहे ते पाहून ती हादरली. वाचल्याशिवाय मानायचे नाही, ही सवय तिथे पक्की झाली असावी.

भाऊ १८८० साली वारला. त्याच वर्षी त्यांनी बिपिनबिहारी दास मेधावी या शूद्र जातीतल्या बंगाली वकिलाशी नोंदणी विवाह केला. सिल्चरच्या त्या घरात लूकच्या शुभवर्तमानाची बंगाली प्रत त्यांच्या हाती लागली. ख्रिस्ती होण्याचा विचार त्यांनी बोलून दाखवला तेव्हा मिशन शाळेत शिकलेल्या नवऱ्यालाच तो रुचला नाही. फेब्रुवारी १८८२ मध्ये पटकीने तो गेला आणि दहा महिन्यांची मनोरमा कडेवर घेऊन रमाबाई पुण्याला आल्या. आर्य महिला समाज त्याच वर्षीचा, ‘स्त्रीधर्मनीति’ हे पुस्तकही त्याच वर्षीचे. त्या पुस्तकाच्या विक्रीच्या पैशावर १८८३ साली त्या इंग्लंडला निघाल्या. जायचे होते डॉक्टर होण्यासाठी. बहिरेपणा वाढत गेल्याने ते साधले नाही.

ऑक्सफर्डजवळच्या वाँटेज गावी ज्या मठात त्या उतरल्या, त्या मठाच्या भगिनींची पुण्यात शाखा होती. या भगिनींनी त्यांना लंडनच्या फुलहॅम भागातले आपले एक काम दाखवले. ज्यांना समाज पतिता म्हणतो अशा बायकांना तिथे ठेवून घेत, त्यांची शुश्रूषा करीत, त्यांना पुन्हा उभे करीत. रमाबाईंनी असे कधी पाहिले नव्हते. हे तुम्ही का करता, असे त्यांनी विचारले. उत्तरादाखल त्यांना शोमरोनी स्त्री आणि येशू यांची विहिरीकाठची कथा वाचून दाखवण्यात आली. कुणी मला विचारले की रमाबाई ख्रिस्ती कशाने झाल्या, तर मी हे फुलहॅमचे घर दाखवीन. २९ सप्टेंबर १८८३ रोजी वाँटेजच्या चर्चमध्ये मायलेकींचा बाप्तिस्मा झाला. त्याच्या थोडेच दिवस आधी बरोबर आलेल्या आनंदीबाई भगत यांनी तिथेच आत्महत्या केली होती. त्या सावलीतच हा विधी झाला.

पुढच्या वर्षी रमाबाई चेल्टनहॅमच्या लेडीज कॉलेजात गेल्या. मनोरमा बराच काळ वाँटेजला असे. आणि इथे पत्रे सुरू होतात. एका बाजूला सिस्टर जेराल्डिन, बाप्तिस्म्याच्या वेळच्या त्यांच्या धर्ममाता. दुसऱ्या बाजूला कॉलेजच्या प्राचार्या डोरोथिया बील. दोघींच्या मध्ये सत्तावीस वर्षांची ही विधवा, परक्या भाषेत, परक्या धर्माबद्दल, त्या धर्मात जन्मलेल्यांशी वाद घालणारी. सिस्टर जेराल्डिन यांनीच ही पत्रे जपली व जुळवली. अ. भि. शहा यांनी संपादित केलेला तो ग्रंथ महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७७ साली इंग्रजीत काढला. मराठी माणसाने आवर्जून वाचावा असा तो ग्रंथ आहे.

भांडण कशावरून झाले? किरकोळ गोष्टींवरून सुरुवात झाली. रमाबाई शाकाहारी राहिल्या, अंडे घातलेले पक्वान्न खाईनात. भगिनींना त्यात जुन्या जातीचा अहंकार दिसला. गळ्यात घालायच्या क्रुसावर लॅटिन अक्षरे कशाला, संस्कृत का नकोत, असे रमाबाईंनी विचारले. त्यांनी पुरुषांना शिकवावे की नाही, यावर तर लाहोर आणि मुंबईचे बिशप नापसंती कळवू लागले. पण खरा वाद याहून खोल होता. पिता, पुत्र आणि पवित्र आत्मा मिळून एकच देव, हे त्र्यैक्याचे तत्त्व त्यांना पटत नव्हते. ख्रिस्ताचे पूर्ण देवत्व आणि कुमारीच्या पोटचा जन्म यांबद्दलही शंका होत्या. तेहतीस कोटींतून सुटून एका देवापाशी आलेल्या माणसाला तीनाचा हिशेब अवघड जावा, यात नवल नाही. आपल्याला न पटलेले मनोरमेलाही शिकवू नये, असे त्यांचे म्हणणे होते.

सिस्टर जेराल्डिन यांची बाजू आपण नीट ऐकली पाहिजे. प्रत्येक धर्मसंस्थेत काही गोष्टी बदलता येतात, काही येत नाहीत. चर्चमधले संगीत कोणते, पाद्रीचा झगा कसला, यांत मतभेद चालतात. त्र्यैक्य मात्र ३२५ साली नायसियाच्या आणि ३८१ साली कॉन्स्टँटिनोपलच्या परिषदेत ठरले, आणि कॅथलिक, ऑर्थोडॉक्स, प्रॉटेस्टंट या तिन्ही मोठ्या शाखा ते पाया मानतात. बाप्तिस्मा दिला जातो तोच मुळी त्या तिघांच्या नावाने. मग ते नाव अमान्य असेल तर १८८३ च्या त्या सकाळी आपण नेमके काय स्वीकारले, हा सिस्टरचा प्रश्न खोडसाळ नव्हता.

रमाबाईंचे उत्तर कायदेशीर वळणाचे होते. बाप्तिस्म्याच्या वेळी विचारला गेला तो प्रेषितांचा लहानसा मतांगीकार. तो मान्य करून आणि बायबलवर विश्वास ठेवून आपण ख्रिस्ती झालो. अथनेशियसच्या नावाने चालणाऱ्या लांबलचक मतांगीकारावर आपण सही केलेली नाही. या मतांगीकारात त्र्यैक्याची कलमे बारकाईने मांडली आहेत, आणि ती न मानणाऱ्याचा नाश होईल असा इशाराही आहे. इंग्लंडच्या चर्चमध्ये तो ठरावीक सणांना म्हणत, पण त्याच पंथाच्या अमेरिकन शाखेने १७८९ च्या प्रार्थनाग्रंथातून तो वगळला होता. म्हणजे अटलांटिकच्या एका किनाऱ्यावर जे सणासुदीला म्हणणे आवश्यक, ते दुसऱ्यावर म्हणावेच लागत नव्हते. रमाबाईंचा रोख पुरोहितशाहीवर होता. आपल्याकडच्या भटभिक्षुकांचे जोखड एवढ्या कष्टांनी उतरवले ते दुसरे मानेवर घ्यायला नव्हे, हे त्या परोपरीने सांगत राहिल्या. सिस्टरना त्यात उद्धटपणा दिसला. मिस बील यांनी मात्र शंका दडपण्यापेक्षा तिला उत्तर द्यावे, हा मार्ग धरला.

निकाल लागला नाही. फेब्रुवारी १८८६ मध्ये रमाबाई मनोरमेसह अमेरिकेला गेल्या. आनंदीबाई जोशी यांचा पदवीदान समारंभ ११ मार्चला होता. तिथे त्यांनी उच्चवर्णीय हिंदू स्त्रीच्या स्थितीवर पुस्तक लिहिले, बोस्टनला मदतमंडळ उभे राहिले, आणि ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले. पुढच्या वर्षी ते पुण्याला आले. धर्माची सक्ती नाही, हा तिथला नियम. पण रमाबाई दार उघडे ठेवून प्रार्थना करीत आणि मुली येऊन बसत. मिशनऱ्यांना सदन पुरेसे ख्रिस्ती वाटेना, पुणेकरांना ते फार ख्रिस्ती वाटू लागले. १८९३ साली रानडे आणि भांडारकर सल्लागार मंडळातून बाहेर पडले, अनेक पालकांनी मुली काढून नेल्या.

याच काळात एक गोष्ट घडली, तिच्यामुळे वाँटेजच्या खटल्याकडे पुन्हा पाहावे लागते. विल्यम हॅस्लम नावाच्या अँग्लिकन धर्मगुरूचे आत्मकथन रमाबाईंच्या वाचनात आले. हा गृहस्थ वर्षानुवर्षे व्यासपीठावरून उपदेश करीत होता, आणि एके दिवशी त्याला उमगले की आपण स्वतःच अजून ख्रिस्ती झालेलो नाही. बाप्तिस्म्यानंतर आठ वर्षांनी, १८९१ च्या सुमारास, रमाबाईंनी तोच निवाडा स्वतःबद्दल दिला. आपल्याला ख्रिस्ताचा धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, असे त्यांनी पुढे लिहून ठेवले. म्हणजे सिस्टर जेराल्डिन यांचा संशय अगदीच खोटा नव्हता. काहीतरी अपुरे होतेच. पण जे अपुरे होते ते मतांगीकारावरच्या सहीने पुरे झाले नसते, कारण हॅस्लमने तर सगळ्या सह्या केलेल्या होत्या.

यानंतरच्या रमाबाई कट्टर म्हणाव्यात इतक्या श्रद्धावंत आहेत, आणि त्र्यैक्यही मानतात. १८९६-९७ आणि १९०० च्या दुष्काळांतून त्यांनी शेकडो मुली केडगावला आणल्या. मुक्ती सदनात एका वेळी दोन हजारांच्या आसपास माणसे होती. पतिता म्हटल्या गेलेल्या बायकांसाठी तिथे कृपासदन निघाले. ते फुलहॅमचे घर होते, भीमेच्या खोऱ्यात पुन्हा बांधलेले. १९०५ साली मुक्तीत प्रार्थनेची लाट आली. मुली रडू लागल्या, काही अनोळखी भाषांत बोलू लागल्या. अनेक मिशनऱ्यांनी नाके मुरडली. जगात इतरत्र काही पंथांनी अशा बोलण्यालाच पवित्र आत्मा लाभल्याची खूण ठरवले. रमाबाईंनी ते अडवले नाही आणि आवश्यकही केले नाही. ज्यांना ते लाभले नाही त्या मुली उण्या ठरल्या नाहीत. आवश्यक काय आणि अनावश्यक काय, हे वाँटेजला शिकलेली बाई इथे दिसते.

पण मला एक प्रश्न सोडत नाही आणि तो टाळून पुढे जाणे बरे नव्हे. मुक्तीत मोठ्या संख्येने बाप्तिस्मे झाले. ज्या मुलीला उपाशी मरताना उचलून आणले, जिला या घराबाहेर कुणी नाही, तिला एखाद्या कलमावर थांबून ‘हे मला मान्य नाही’ म्हणण्याची कितपत मुभा होती? रमाबाईंपाशी संस्कृत होते, कीर्ती होती, मिस बील होत्या. त्या मुलींपाशी काय होते? नियम सक्तीचा नसला तरी भाकरीचे ओझे असतेच. रमाबाईंना याचे काही वाटले असेल, तर त्याचे उत्तर मला त्यांच्या शेवटच्या कामात दिसते. बायबलच्या प्रचलित मराठी भाषांतरातले संस्कृतप्रचुर शब्द खेड्यातल्या बाईला कळत नाहीत, म्हणून त्यांनी हिब्रू आणि ग्रीकचा अभ्यास करून सबंध बायबल साध्या मराठीत आणायला घेतले. खिळे जुळवण्यापासून सगळी छपाई मुक्तीतल्या बायकांनी केली. पुढे ठेवलेला कागद निदान वाचता तरी यावा, एवढे त्यांनी केले. ते पुरेसे होते असे मी म्हणणार नाही.

२४ जुलै १९२१ रोजी मनोरमा गेली. ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. सबंध बायबल १९२४ साली बाहेर आले.

धर्मापासून ढळलेला माणूस ओळखावा कसा? सिस्टर जेराल्डिन यांनी तो शंकांवरून ओळखायला घेतला आणि त्या चुकल्या. आमच्या पुण्याने तो पंक्तीवरून आणि प्रार्थनेवरून ओळखला. मला वाटते, माणूस काय नाकारतो यापेक्षा काय सोडत नाही ते पाहावे, आणि त्याला वेळ द्यावा. फुलहॅमला पाहिलेली गोष्ट रमाबाईंनी एकोणचाळीस वर्षे सोडली नाही.

इंग्लंडच्या चर्चच्या पंचांगात ३० एप्रिल हा दिवस आता रमाबाईंच्या स्मरणाचा आहे, बायबलच्या भाषांतरकार म्हणून. १८८५ साली जो कागद त्यांनी परत सरकवला होता तो त्याच चर्चचा. आजी असती तर तिला हे सांगितले असते. ती काय म्हणाली असती कोण जाणे, पण आवाज बहुधा खालीच आणला असता.